पुरवण्यांची वही

‘सर, पकरला का नाय, यवराच सांगा.’

आठवीतल्या एका मुलीनं हे विचारलं तेव्हा मी पुस्तकात पान शोधत होतो. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. आठ-नऊ मुलं मागे थांबली होती, दोन बाकं जोडून मधे कार्डशीटवर काढलेला खाडीचा नकाशा पसरला होता. गोष्टीत चोरांची होडी धक्क्याला लागली होती आणि या मुलीच्या पात्राला पळणाऱ्या चोराला धरायचं होतं. ती शाळेच्या कबड्डी संघात कोपऱ्यावर खेळायची. पकड म्हणजे काय, हे तिला पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

पुस्तकात मात्र पकडीच्या पायऱ्या होत्या. हात घालणाऱ्यावर आधी समोरच्याला एक फुकटचा वार. तो लागला तर पकड फसली. नाही लागला तर नुसता स्पर्श झाला का, हे पाहायला फासा. स्पर्श झाला तर दोघांनी फासे टाकायचे, त्यात ताकद मिळवायची, अंगाचा आकार मिळवायचा. एवढं जिंकलं की समोरच्याच्या चौकोनात सरकायचं, आणि पुढच्या फेरीत धरून ठेवण्याचा हिशोब पुन्हा वेगळा. मी हे सगळं करेपर्यंत चार-पाच मिनिटं गेली. चोर सापडला, पण मुलांचं लक्ष तोवर खिडकीबाहेर गेलं होतं. रायगडच्या किनाऱ्यावर गावागावात कबड्डीचे सामने होतात. पकड झाली की नाही, हे तिथला पंच श्वास घ्यायच्या आत सांगतो आणि सगळं मैदान ते मान्य करतं.

मी रेवसच्या बाजूला गणित शिकवतो. रेवस म्हणजे धरमतरच्या खाडीचं तोंड. समोर करंजा, इतक्या जवळ की संध्याकाळी तिकडचे दिवे मोजता येतात, आणि तरी रस्त्यानं जायचं तर पेण-वडखळचा वळसा. या दोन टोकांना जोडणाऱ्या पुलाची चर्चा मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतो आहे. भाऊच्या धक्क्यावरून लाँच येते, धक्क्याशी गाळ साचतो म्हणून ओहोटीला तिची पंचाईत होते. धक्क्याच्या मागे बोडणी, सारळ, मिळकतखार अशी गावं, खारेपाटातली भातशेती, आणि पलीकडे कनकेश्वराचा डोंगर. वर्गातली निम्मी मुलं मासेमारी करणाऱ्या घरांतली, बाकीची शेतकऱ्यांची.

आमच्याकडे प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी ‘बोटीवर’ असतं. माझा मामेभाऊ मालवाहू जहाजावर होता. त्यानं २००५ साली सिंगापूरहून मला तीन जाड पुस्तकं आणून दिली. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची ती २००३ सालची सुधारित आवृत्ती. प्रत्येक पुस्तक ३२० पानांचं. जहाजावर फावल्या वेळात खलाशी हा खेळ खेळत आणि त्याला तो फार आवडला होता. ‘तू मास्तर आहेस, तुला जमेल,’ एवढंच तो म्हणाला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात पट लागतोच असं नाही, आणि कोणी जिंकत-हरतही नाही. एक जण सूत्रधार. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात. सूत्रधार सांगतो, ‘समोर अंधारी गुहा आहे, आतून पाण्याचा आवाज येतो.’ मग प्रत्येक जण आपलं पात्र काय करेल ते तोंडानं सांगतो. जे होईल की नाही याची खात्री नाही, तिथं फासा टाकायचा. बस. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली तो छापला तेव्हा एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका होत्या, तिन्ही मिळून सव्वाशे पानांच्या आत. माझ्या हातात आलं ते त्याचं तीस वर्षांनंतरचं रूप होतं.

मला हे वर्गात हवं होतं, त्याला कारण होतं. माझ्या वर्गातली मुलं मैदानावर, धक्क्यावर, होडीत मोकळी बोलत. फळ्यासमोर आली की गप्प. आपली बोली शाळेत चालत नाही, हे त्यांना पहिलीपासून कळलेलं असतं. गोष्टीतल्या पात्राच्या आडून ती बोलतील, असं मला वाटलं.

आणि बोलली. पहिलं वर्ष मी आजही विसरलेलो नाही. ती ९६० पानं मी तेव्हा नीट वाचलीच नव्हती. फुलस्केपच्या चार पानांवर जेवढं समजलं तेवढं मराठीत लिहिलं आणि सुरुवात केली. वीस बाजूंचा फासा मिळेना, म्हणून डब्यात चिठ्ठ्या घालून काढायचो. गोष्ट घेतली खांदेरीची. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांची गलबतं आडवी आली. ती चुकवून मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्रीच्या अंधारात बेटावर माणसं आणि सामान पोचवत होत्या. मुलं त्या होड्यांवरची माणसं झाली. खरं तर थळहून खांदेरी जवळ, पण मुलांनी हट्टानं होडी रेवसहून काढली. आपली खाडी.

किती वाजता निघायचं, असा प्रश्न आला. मी चिठ्ठ्यांचा डबा पुढे केला. बोडणीकडून सायकलनं येणारा एक मुलगा म्हणाला, ‘त्याला चिठ्ठी कशाला? तिथी सांगा.’ मी म्हटलं, वद्य दशमी. क्षणात उत्तर आलं: साडेसातला भरती भरेल, आठाला सुकती लागली की होडी सोडायची, पाणीच बाहेर नेईल, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, तोवर अंधार.

तिथीची पाऊणपट. दहाला तीननं गुणा, चारनं भागा, साडेसात. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ अशीच काढतात. उधाण कधी आणि भांग कधी, तेही तिथीवरूनच. अख्ख्या समुद्राचं वेळापत्रक एका ओळीत बसतं, आणि ती ओळ घरात कोणी बसून शिकवत नाही, ऐकून येते. मी गणिताचा शिक्षक. त्या दिवशी मी ती ओळ फळ्यावर लिहिली आणि मुलांकडूनच तिची उदाहरणं करून घेतली.

यानंतर माझ्या हातून चूक होत गेली. ती एका दिवसात झाली नाही, म्हणूनच मला कळली नाही.

दुसऱ्या वर्षी दोन मुलांत वाद झाला. एकाची होडी आधी पोचली की दुसऱ्याची? मी होड्यांच्या वेगाचा नियम लिहिला. पुढच्या महिन्यात वाद झाला वादळाचा. वादळाचा नियम लिहिला. तोवर मामेभावानं आणखी पुस्तकं आणली. या आवृत्तीला पुरवण्या फार होत्या: लढवय्यांसाठी एक जाडजूड पुस्तक, मांत्रिकांसाठी एक, बर्फाळ प्रदेशासाठी एक, वाळवंटासाठी एक. समुद्रासाठीही होतं, ‘स्टॉर्मरॅक’, २००५ सालचं. मी हरखलो. समुद्रकाठी राहणाऱ्या मास्तराला समुद्राचं पुस्तक! रात्री जेवणं झाली की मी ते वाचत बसायचो. जहाजांचे प्रकार, लाटा, बुडणं, पाण्याखालची लढाई, सगळ्याला आकडे. वाचायला ते पुस्तक सुंदर आहे, हे आजही म्हणेन. त्यातलं मी मराठीत उतरवत गेलो आणि माझी चार पानं वाढून २०१० पर्यंत चौऱ्याण्णव झाली.

परीक्षेत जास्त पुरवण्या घेणारं मूल हुशार, असं पालकांना वाटतं. आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं पेपर तपासतो, आम्हाला ठाऊक असतं की दोऱ्यानं बांधलेल्या चार पुरवण्यांत बऱ्याचदा पहिल्याच पानावरचं उत्तर फिरून फिरून आलेलं असतं. मला हे ठाऊक होतं. तरी स्वतःच्या वहीकडे मी त्या नजरेनं पाहिलं नाही. वहीची जाडी मला माझ्या मेहनतीचं माप वाटत होती.

मग तो शनिवार आला. गोष्टीत मुलांच्या होडीच्या मागे सिद्दीचं गलबत लागलं होतं. तिथी सांगणारा तो बोडणीचा मुलगा आता नववीत होता. तो म्हणाला, ‘डोलीचे खुंट हायत ना मधी, त्यांना दोर ताणतो. पाण्याच्या चार बोटं खाली. आपली होडी हलकी, वरनं जाईल. त्यांचं सुकाणू अडकंल.’

डोल हे आमच्याकडचं मोठं पिशवीसारखं जाळं. ते खुंटांना बांधून ओढीच्या पाण्यात उभं करतात. त्या मुलाचा बाप, आजा, सगळे डोलीवरचे. त्याच्या बोटांना गाठी मारायची सवय लिहिण्याच्या आधी लागली होती.

मी वही उघडली. ‘दोरकाम’ नावाचं कौशल्य मी वर्षापूर्वी मूळ पुस्तकातून घेतलं होतं आणि त्याला स्वतःचं एक कलम जोडलं होतं: ज्यांनी ते निवडलं आहे त्यांनाच अवघड गाठी मारता येतील. त्याच्या कागदावर ते नव्हतं. मी म्हणालो, ‘तुझ्या पात्राला दोरकाम येत नाही.’

तो ‘बरं’ म्हणाला. त्या दिवशी पुढे काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. दहावी झाल्यावर शाळाच सुटली.

या ‘बरं’वर मी खूप विचार केला आहे. दोरकामाचा नियम मी कोणाचं काही काढून घेण्यासाठी लिहिला नव्हता. ज्याला दोरकाम येतं त्याला काहीतरी जास्त मिळावं, एवढाच हेतू. पण एकाला परवानगी लिहून दिली की बाकीच्यांना ती नाही असा अर्थ आपोआप होतो. नियम नव्हता तोवर दोर कोणीही ताणू शकत होतं. चांगलं सुचलं की झालं. नियम आला आणि सुचणं पुरेसं राहिलं नाही.

नंतर या खेळाचा इतिहास वाचताना दिसलं की हे अगदी पहिल्या पुरवणीपासून घडत आलं आहे. १९७५ साली ‘ग्रेहॉक’ नावाची पुरवणी निघाली, तिच्यात ‘चोर’ हे नवं पात्र आलं. भिंत चढणं, पावलांचा आवाज न करणं, दडून बसणं, कुलूप उघडणं, या गोष्टींना त्याच्यापुरते शेकड्यातले आकडे दिले. त्याआधी कोणताही खेळाडू ‘मी हळूच भिंतीवर चढतो’ म्हणायचा आणि सूत्रधार बघून घ्यायचा. पुरवणीनंतर पुष्कळ ठिकाणी लोकांनी ते म्हणणंच सोडलं, कारण ते चोराचं काम झालं.

याहून जुना दाखला प्रशियाच्या लष्करातला आहे. रायस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्यानं १८२४ साली नकाशावर लढाई शिकवणारा खेळ रचला. फासे, नुकसानीचे तक्ते आणि वर एक पंच. पुढच्या पन्नास वर्षांत तक्ते आणि नियम इतके साचले की खेळवणारा तक्त्यांत बुडायचा आणि शिकायला आलेले वाट बघत बसायचे. १८७६ मध्ये व्हर्डी दु व्हर्नुआ या सेनाधिकाऱ्यानं पुस्तिका लिहून सुचवलं की बहुतेक नियम बाजूला ठेवा. लढाई पाहिलेला अनुभवी माणूस पंच म्हणून बसवा आणि तो सांगेल ते घडलं असं धरा. त्याला मुक्त खेळ म्हणू लागले. हे वाचलं तेव्हा मला आमचा कबड्डीचा पंच आठवला, आणि त्या मुलीचा प्रश्नही.

पुरवण्या निघतात त्याला पैशाचंही कारण आहे, आणि ते समजून घ्यायला हवं. हा खेळ एकदा विकला की संपला. तीन पुस्तकांवर एक टोळकं आयुष्यभर खेळू शकतं. मग प्रकाशकानं पुढच्या महिन्याचा पगार कशातून द्यायचा? नव्या पुस्तकातून. मूळ कंपनी टीएसआर नव्वदच्या दशकात एकामागून एक काल्पनिक जगं काढत होती, प्रत्येकाची खोकी आणि पुरवण्या निराळ्या. एका जगात रमलेला दुसऱ्याची पुस्तकं घेईना. १९९७ मध्ये कर्जात बुडालेली ती कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टनं विकत घेतली. बुडण्याची कारणं आणखीही होती. नव्या मालकांच्या हाताखाली २००० साली तिसरी आवृत्ती आली, तीनच वर्षांत तिची सुधारित आवृत्ती, आणि पुन्हा पुरवण्यांचा ढीग. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या वेळी मात्र त्यांनी सुरुवातीची काही वर्षं हात आखडता घेतला आणि मूलभूत नियम फुकट वाचायला ठेवले. नवे खेळाडू याच आवृत्तीकडे लोटले.

जाड पुस्तकं आवडणाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरी करतो आणि मित्रांसोबत ‘पाथफाइंडर’ खेळतो, जो २००९ साली याच सुधारित तिसऱ्या आवृत्तीतून निघाला. त्याला बारीक हिशोब आवडतात, तासन्‌तास पात्र घडवत बसणं आवडतं. त्याच्या टोळक्यातले सहाही जण तसेच आहेत, त्यामुळे त्यांचं छान चालतं. माझ्या बाकांवर तसं नव्हतं. तिथं एकाला वाचायला वेळ लागायचा, एकीला लहान भावाला घेऊन बसावं लागायचं. चौऱ्याण्णव पानं ज्याची पाठ, त्याचा खेळ असं होऊन बसलं, आणि ती फक्त माझी पाठ होती.

२०१२ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी वही घेऊन बसलो. प्रत्येक नियमापुढे एकच गोष्ट लिहिली: गेल्या वर्षात हा किती शनिवारी वापरला? पुष्कळांपुढे शून्य आलं. बुडण्याचा तक्ता मी दोन रात्री जागून केला होता, त्याच्यापुढेही शून्य, कारण मुलांनी कोणाला बुडूच दिलं नव्हतं. दर शनिवारी लागणारे नियम पाच निघाले.

जूनमध्ये उत्साहाच्या भरात मी त्या पाचांतलेही दोन काढले, आणि ते चुकलं. पाळीचा नियम काढला तर दोन मोठ्या आवाजाच्या मुलांनी सगळी गोष्ट ताब्यात घेतली. मागे बसणारी सहावीतली एक मुलगी पूर्ण दुपार एक शब्द बोलली नाही. जखमेचा नियम काढला तर कोणाला कशाची भीती राहिली नाही, आणि भीती गेली तशी गोष्टीतली चव गेली. दोन्ही परत आणले. जो गप्प आहे त्याला बोलायची जागा राखून देणारा नियम हवाच. जो बोलतो आहे त्याला थांबवून पान उलटायला लावणारा नको. माझी कसोटी तेव्हापासून हीच आहे.

फासे गेले, त्यांच्या जागी चिंचोके आले. फोडलेले चार अर्धे चिंचोके टाकायचे, दोन किंवा जास्त पांढरे पडले की काम झालं. दोन्ही बाजू सारख्या पडतात असं धरलं तर सोळा शक्यतांपैकी अकरांत काम होतं. अवघड असेल तर तीन पांढरे हवेत: सोळातल्या पाच. आठवीच्या वर्गाला संभाव्यता मी आता यावरूनच समजावतो. आणि ज्याला एखादी गोष्ट खरोखर येते, त्यानं ती कशी करणार ते नीट सांगितलं, तर चिंचोके टाकायचेच नाहीत. ते घडलं.

या नियमावर गेल्या काही वर्षांत सगळ्यात रंगलेली गोष्ट खारबंदिस्तीची. उधाणाची रात्र, बांधाला खांड पडली आहे, खारं पाणी भातात शिरतंय. सिद्दी नाही, राक्षस नाही, खजिना नाही. शेतकऱ्यांच्या घरांतल्या मुलांनी त्या दिवशी मला शिकवलं की खांड मधून भरायची नसते, दोन्ही कडांनी आत येत यायचं असतं. नुसता चिखल टिकत नाही, त्यात पेंढा लागतो. आणि सुकती लागेपर्यंत फक्त कडा धरून ठेवायच्या, मग भराव घालायचा. सुकती कधी? सातवीतल्या मुलीनं तिथीवरून सांगितलं. पूर्ण दुपारभरात आम्ही चिंचोके चार वेळा टाकले. त्या दिवशी सगळी मुलं बोलली. मी मोजत होतो.

बोडणीचा तो मुलगा मला मधे लाँचवर भेटला. लाँचवरच कामाला आहे. धक्का आला तसा त्यानं दोर फेकला, उडी मारली आणि खुंटाला दोन वेढे घालून गाठ मारली. मी उतरताना त्याला त्या शनिवारबद्दल विचारलं, आणि माझं चुकलं होतं असंही सांगितलं. त्याला डोलीच्या खुंटांची गोष्ट आठवत नव्हती. ‘वही लय जारी होती सर तुमची,’ एवढं तो म्हणाला, आणि मागच्या बाईची पाटी उतरवून घ्यायला वळला.

शिक्षकांना, आणि मुलांबरोबर असे खेळ खेळणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: नवा नियम लिहिण्याआधी, आत्तापर्यंत हे काम कोण स्वतःच्या डोक्यानं करत होतं, ते समोरच्या बाकांवर एकदा पाहून घ्या. चौऱ्याण्णव पानांची वही माझ्या कपाटात आहे. खेळाचे नियम दर जूनमध्ये मी एका कागदावर नव्यानं हातानं लिहितो, एकाच बाजूला.